जावेच्या टाक्यातली मादी

मी अठरा वर्षं हायस्कूलमध्ये विज्ञान शिकवते. आनुवंशिकतेचा धडा मला तोंडपाठ आहे, आणि माझ्या जावेला तो शब्दसुद्धा एका दमात म्हणता येत नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढं जे झालं त्यात मिरवण्यासारखं माझ्याजवळ एवढंच होतं.

आमचं घर इंझोरीला. खाली आम्ही, वर दीर आणि जाऊ. चुली दोन, गच्ची एक. सासू-सासरे खालच्या ओसरीत बसून दोन्ही घरांवर लक्ष ठेवतात. जाऊ माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. तिचं माहेर बुलढाण्याकडचं, जिथं शेतकरी संकरित बियाण्यांचे प्लॉट करतात त्या भागातलं. शाळेत असताना सुट्टीत, आणि शाळा सुटल्यावर रोजच, ती त्या प्लॉटवर क्रॉसिंगच्या कामाला जायची. उद्या उमलणारी कपाशीची कळी आज दुपारी सोलायची, आतले पुंकेसर खरवडून काढायचे, खुणेला लाल दोरा बांधायचा, आणि सकाळी दुसऱ्या वाणाचं फूल आणून तिच्यावर घासायचं. लग्न होऊन आली तेव्हा हे सगळं ती हौसेनं सांगायची आणि मी "हो का" म्हणत पोळ्या लाटत राहायचे. मजुरीच्या कामात ऐकण्यासारखं काय असणार, असं मला वाटायचं.

रंगीत मासे घरात पहिल्यांदा मी आणले, हेही नोंदवून ठेवते. तसे गप्पी आमच्या टाक्यात आधीपासून होते. नळाला पाणी आठ-आठ दिवसांनी येतं, म्हणून घरोघरी सिमेंटचं टाकं, आणि टाकं म्हटलं की डासांच्या अळ्या. आरोग्य केंद्राचा माणूस डबा घेऊन यायचा, अळ्या खायला चार-सहा गप्पी टाक्यात सोडायचा आणि भिंतीवर खडूनं तारीख टाकून पुढच्या घरी जायचा. ते मासे करड्या अंगाचे, नराच्या शेपटीवर जेमतेम एखादा ठिपका. त्यांच्याकडं मासे म्हणून कुणी पाहायचंच नाही. ते सरकारी होते.

मी अकोल्याहून आणले ते खरे देखणे. काचेची पेटी, वर दिवा, तळाला पांढरी रेती. गप्पीत नरच नटलेला असतो, मादी बिचारी आयुष्यभर करडी. ती अंडी घालत नाही, थेट पिल्लंच देते, आणि महिन्या-महिन्याला देते. पिल्लं मोठी झाली की त्यातली बरी मी ठेवायची आणि बाकीची टाक्यात लोटायची. एकदा जाऊ जिन्यातच थांबली. म्हणाली, "बाई, फेकून राह्यल्या तर मले द्या ना. दोन-चार असले तरी चालते." मी अख्खा तांब्याच तिच्या हातात दिला. त्यात एका नराच्या अंगावर पुसट काळसर जाळी होती. मला ती कळकट वाटली होती, म्हणून तो आधीच बाजूला काढलेला.

त्या एका तांब्यातून तिनं तीन वर्षांत जे उभं केलं, ते आठवलं तरी अजून माझ्या पोटात दुखतं. भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या फ्रिजची खोकी आणवली, दारं काढली, खोकी गच्चीवर आडवी पाडली, वर हिरवी जाळी ताणली. तळाला माती, थोडं शेवाळ, बदामाची वाळकी पानं. एकात नर, एकात माद्या, एकात पिल्लं. रोज सकाळी उकिडवी बसून ती पाण्यात पाहायची आणि नको ते मासे वाटीनं उचलून खालच्या टाक्यात सोडायची. विचारलं तर म्हणायची, "भेसळ काढून राह्यली." सोयाबीनच्या बियाण्याच्या वावरात वेगळं झाड दिसलं की उपटतात, तसं. तिसऱ्या वर्षी तिचे नर असे निघाले की अंगावर मानेपासून शेपटीपर्यंत सापाच्या कातीसारखी बारीक जाळी, आणि मागं पदरासारखी लाल शेपटी. एकसारखे एक. माझ्या कळकट नराची ही नातवंडं-पतवंडं, हे तिला आठवत होतं की नाही कोण जाणे. मला पक्कं आठवत होतं.

सासूबाई सगळ्यांना सांगायच्या, "धाकटीच्या हाताले गुण हाय वो. वाळलं लाकूड रोवलं तरी फुटते." हे वाक्य त्या माझ्यासमोर म्हणायच्या आणि मग माझ्याकडं पाहून म्हणायच्या, "मोठी काय, शाळेतच असते दिवसभर." म्हणजे माझ्या हाताला गुण नसण्याचं कारणही त्याच शोधून द्यायच्या.

मला हेवा वाटायचा, साधा सरळ हेवा. मी त्याला कधी दुसरं नाव दिलं नाही, निदान मनात तरी. रामनवमीला माझ्या शाळेतल्या एक मॅडम पोहरादेवीच्या यात्रेला जाताना घरच्यांना घेऊन आमच्याकडं चहाला थांबल्या. मी मुद्दाम बोलावलं होतं, पेटीतलं पाणी बदललं होतं, दिवा लावला होता. त्यांनी पेटी पाहिली, "छान" म्हणाल्या. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "वर पाहा, वर गंज हायेत, खोकेच्या खोके भरून." सगळी वरात वर गेली. वरून "अगं बाई", "हे पाहा, हे पाहा" असं येत राहिलं आणि खाली सात कप चहावर साय धरली. मी ओसरीत बसून सासऱ्यांच्या कानांकडं पाहत होते.

त्या कानांचा पुढं संबंध आहे, म्हणून सांगते. सासऱ्यांच्या कानांवर केस आहेत, चांगले बोटभर. माझ्या नवऱ्याच्या आहेत, दिराच्याही आहेत. आमच्या वेळच्या पुस्तकात उदाहरणच होतं की कानावरचे केस बापाकडून मुलाकडं जातात, मुलीकडं जात नाहीत, कारण तो गुण बाप फक्त मुलाला देतो त्या गुणसूत्रावर असतो. हा भाग शिकवताना दरवर्षी माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचे कान यायचे आणि मी इतकं मनापासून शिकवायचे की पोरं घरी जाऊन आपापल्या आजोबांचे कान तपासायची. आज शास्त्रज्ञ त्या केसांबद्दल तितके ठाम नाहीत म्हणे. आमच्या घरात मात्र पुस्तकच खरं ठरलं होतं.

त्या रामनवमीनंतर मी ईर्षेनं अकोल्याहून एक निळा नर आणला. शेपटी एवढी मोठी की त्याला पोहताना ती ओढावी लागायची. पण माझी खरी अडचण माद्यांची होती. माझ्याकडच्या माद्या इकडून-तिकडून आलेल्या, सगळं एकाच पेटीत नांदणारं, त्यामुळं पिल्लं निघायची ती कुठल्याच घरची नसायची. आडात नाही तर पोहऱ्यात कुठून येणार! मी मात्र आमच्या बोअरच्या पाण्याला नावं ठेवायचे, जड पाणी आहे म्हणायचे. जाऊ त्याच बोअरचं पाणी भरत होती, हे मी विसरून जायचे.

राखीला जाऊ माहेरी गेली. जाताना मलाच सांगून गेली, "बाई, चार दिवस तेवढं खायले टाकसान. जास्ती नका टाकू, पानी नासते." मी "जा निवांत" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी सासूबाई आडव्या झाल्या आणि मी स्वयंपाकघरातली चहाची गाळणी घेऊन गच्चीवर गेले. माद्यांच्या खोक्यात सगळ्यात मोठी, पोटानं चौकोनी झालेली एक मादी होती. गाळणीत ती पहिल्याच खेपेला आली. वाटीभर पाण्यात, पदराआड धरून, तिला खाली आणलं. चाळिशी उलटलेली बाई, दहावीच्या पोरांना सचोटीवर निबंध लिहायला लावणारी, आणि मासा चोरून जिना उतरते आहे.

मी अगदीच अडाणी नव्हते. मादीच्या पोटात जावेच्या नराची पिल्लं आहेत, हे मला दिसत होतं. मी विचार केला, ही एकदा व्याली की मोकळी. मग माझा निळा नर, आणि मग जी पिल्लं होतील ती माझी. लहानपणी आमच्या गोठ्यात हेच पाहिलं होतं. गाय व्याली की मागचं सगळं संपलं, पुढचं वासरू पुढच्या वळूचं. गायीचं जे, तेच म्हशीचं, तेच बकरीचं. मासोळीचं वेगळं कशाला असेल? त्याप्रमाणं पहिली पिल्लं मी टाक्यात ओतून दिली. निळा नर मादीजवळ ठेवला. महिनाभरात दुसरी पिल्लं झाली आणि मी नवऱ्याला लाडू दिला. कशाचा म्हणून त्यानं विचारलं नाही, आणि मीही सांगितलं नाही.

मधे जाऊ परत आली होती. दुसऱ्याच दिवशी खाली येऊन म्हणाली, "बाई, माही एक मोठी मादी दिसून नाई राह्यली."

"कावळ्यानं नेली असेल," मी म्हटलं. "जाळी सरकली होती एका बाजूनं."

तिनं माझ्याकडं पाहिलं. "असन," म्हणाली आणि गेली.

त्याच सुमारास माझी चहाची गाळणी सापडेना. दोन दिवस फडक्यानं चहा गाळला. तिसऱ्या दिवशी पाहते तर गाळणी नेहमीच्या खिळ्याला लटकलेली. सासूबाईंनी कुठं ठेवली असेल, आता आठवली असेल, असं म्हणून मी विषय संपवला.

पिल्लं जरा मोठी झाल्यावर मी पेटीच, फक्त या पिल्लांसकट, शाळेच्या प्रयोगशाळेत हलवली. मुलांना शिकवायला, असं सांगितलं. खरं कारण घरात जाऊ होती. दीड-दोन महिन्यांत नर रंगले. लाल शेपट्या, अंगावर जाळी, हुबेहूब गच्चीवरल्यांसारखे. निळ्याचा मागमूस नव्हता. मला त्याचं जरासुद्धा वाईट वाटलं नाही, उलट आनंदच झाला, कारण माझ्याजवळ त्याचं उत्तर होतं. लाल रंग जोरकस, निळा दबणारा. पहिल्या पिढीत निळा दिसत नाही, पण असतो. दुसऱ्या पिढीत वर येतो.

मी टिकल्यांची दोन पाकिटं आणली, एक लाल, एक निळं. जुन्या लग्नपत्रिकेच्या मागं चार चौकोन आखले आणि वर्गात दाखवलं. प्रत्येक पिल्लाकडं दोन टिकल्या, एक आईची, एक बापाची. एक जरी लाल असली तरी शेपटी लाल. निळी शेपटी हवी तर दोन्ही टिकल्या निळ्या हव्यात. आताच्या या भावंडांकडं एक लाल, एक निळी आहे. यांची आपसांत पिल्लं झाली की चार चौकोनांपैकी एका चौकोनात निळी-निळी. मी फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं, 'चारात एक निळा.' मुख्याध्यापक दारातून पाहत होते. म्हणाले, "मॅडम, हे विज्ञान दिनाला ठेवू. गावाला बोलावू. आपल्या शाळेत स्वतः तयार केलेली जात म्हणजे काय थोडी गोष्ट आहे?" मी नम्रपणे मान खाली घातली. तो नम्रपणा मला अजून आठवतो, आणि लाज वाटते.

घरी मी टिकल्यांचं, निळ्याचं सगळं मुद्दाम जेवताना मोठ्यानं सांगितलं. जाऊ तेव्हा कढईभर वांग्याची भाजी द्यायला खाली आली होती. सगळं ऐकून घेतलं आणि एवढंच विचारलं, "जाळी हाय का पोराइच्या अंगावर?"

"आहे ना! एकूण एकाच्या," मी म्हटलं. मला वाटलं, तिला झोंबलं.

"मंग चांगलं हाय," ती म्हणाली, आणि कढई घेऊन वर गेली.

दुसऱ्या पिढीची पिल्लं डिसेंबरात झाली. जगली ती बत्तीस. त्यात नर एकोणीस. माद्या काही रंग दाखवत नाहीत, म्हणून एकोणिसातले चार-पाच तरी निळे यायला हवे होते. जानेवारीत रंग फुटायला लागला. पहिला लाल. दुसरा लाल. पोरं मधल्या सुट्टीत डबा हातात घेऊन पेटीपाशी उभी राहायची. "मॅडम, निळा आला?" दहावा लाल. मी म्हणायचे, "घाई करू नका, निसर्गाला वेळ लागतो." सतरावा लाल झाला तेव्हा पोरांनी विचारायचं थांबवलं. एकोणिसावाही लाल निघाला आणि मी पेटीवर फडकं टाकलं. विज्ञान दिनाला आठ दिवस राहिले होते, आमंत्रणं गेली होती, सासूबाईंनी नवं लुगडं काढून ठेवलं होतं.

त्या रविवारी मी एस.टी.नं अकोल्याला गेले आणि निळ्या शेपटीचे पाच कोवळे नर पिशवीत घालून घेऊन आले. आले ती थेट गच्चीवर. नव्या पाण्याची सवय व्हावी म्हणून पिशवी तशीच बादलीत तरंगत ठेवायची असते. मी बादलीपाशी बसले होते आणि जाऊ वाळलेले कपडे काढायला वर आली. बादलीत वाकून पाहिलं.

"पाच," ती म्हणाली. "बरोबर चौथा हिस्सा आनला तुमी."

मी पिशवी हातानं पाण्यात दाबली. एवढंच सुचलं, "तुला काय कळतं त्यातलं?"

"मले नाई कळत ते टिकल्याइचं," ती म्हणाली. एकेक कपडा झटकून खांद्यावर टाकत होती. "पन निळा येनारच नाई, बाई. तुमचा निळा त्या पिल्लाइचा बापच नाई."

"काहीतरीच नको बोलू. मी स्वतः जोडी लावली. आधीची पिल्लं काढून टाकली होती."

"एका खेपेनं मोकळी होत नाई ते. नराचं एकदा पोटात घेतलं का सहा-सहा महिने पुरवते, त्याच्यावरच पाच-सहा डाव पिल्लं देते. अन तुमच्या त्या निळ्याले त्याची शेपटीच सांभाळनं होत नव्हतं, तो काय करन?" मग कपडे काठावर ठेवून माझ्यासमोर बसली. "आमच्या प्लॉटवर मुकादमबाई पह्यल्याच दिवशी सांगे का उमललेल्या फुलाले हात लावाचा नाई, तोडून फेकाचं. त्याच्यावर कोन बसून गेलं, कोनाले माहीत? कळी असतानीच घ्या लागते. म्हनून मी पिल्लं महिन्याची झाली नाई का पोरी वेगळ्या काढतो. तुमी उमललेलं फूल नेलं."

"मी नेलं?"

"कावळा गाळणीनं मासे नाई नेत, बाई. गाळणी माह्या खोक्यापाशीच विसरल्या होत्या तुमी. मीच नेऊन खिळ्याले लावली."

म्हणजे राखीनंतरच्या त्या पहिल्याच दिवसापासून तिला माहीत होतं. सहा महिने ती माझ्या घरात भाजी देत होती, मी तिच्यासमोर टिकल्या मोजत होते, आणि तिला सगळं माहीत होतं.

"बाप कोण ते तुला कसं कळलं पण?" मी विचारलं. मला अजून कुठंतरी फट हवी होती.

"तुमीच तं सांगतलं, सगळ्याइच्या अंगावर जाळी हाय. तुमच्या निळ्याच्या अंगावर कुठं होती जाळी? पोराची जाळी बापाचीच असते. माय कोनतीही आना. मी तीन साल पाहून राह्यली."

माझ्या डोळ्यांसमोर सासऱ्यांचे कान आले. अठरा वर्षं मी तेच कान शिकवत होते. बापाचं मुलाकडं, मुलीकडं नाही. वाक्य तेच होतं, फक्त कानाच्या जागी मासोळीचं अंग होतं, आणि मी ते पाहिलं नाही, कारण मला लाल शेपटीत माझा विजय पाहायचा होता. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, ही म्हण बहुधा माझ्यासारखीला पाहूनच कुणी केली असावी.

"मंग तू सांगतलं काहून नाई?" मी तिच्याच बोलीत विचारलं. एरवी घरात मी बोलते ती शाळेतली भाषा नव्हे, माझ्याही आईच्या घरी बोलतात ती.

 "तुमी इचारलं कधी?" म्हणाली आणि कपडे उचलून खाली गेली. पाच मासे नेऊ नका असंही म्हणाली नाही. ते तिनं माझ्यावर सोडलं.

विज्ञान दिनाला मी पिशवी नेली नाही. हा मोठेपणा नव्हता. मी ते पाच पेटीत सोडले असते तर ते जावेला माहीत असलं असतं, आणि यापुढं तिनं आणलेली प्रत्येक भाजी मला ते आठवून खावी लागली असती. ते मला झेपण्यासारखं नव्हतं.

हॉल भरला होता. पहिल्या रांगेत मुख्याध्यापक आणि पंचायतीची माणसं, शेवटच्या रांगेत बाया, त्यात नव्या लुगड्यात सासूबाई आणि शेजारी जाऊ. पेटी टेबलावर, मागं फळ्यावर माझंच अक्षर, 'चारात एक निळा.' मी ठरवून गेले होते की तेवढंच बोलायचं. प्रयोग फसला, मादी आधीच भरलेली होती, मासोळी नराचं बीज महिनोन् महिने साठवते, तेव्हा निष्कर्ष असा. सगळं खरं, आणि मला कुठं काही लागणार नाही इतकंच. तसं मी बोललेही. चांगलं बोलले. जाळीचं सांगितलं, कानांचं सांगितलं, लोक हसले.

मग नववीतली एक मुलगी उभी राहिली. फार प्रश्न विचारते म्हणून मीच तिला पुढं बसवते. "मॅडम, मग या पिल्लांचा बाप कुठला?"

"आमच्या गच्चीवरचा. माझ्या जावेच्या खोक्यातला."

"आणि मादी?"

"तीही तिचीच."

"त्यांनी दिली होती का?"

 मी शेवटच्या रांगेकडं पाहिलं. जाऊ मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिला माझ्याहून जास्त अवघड झालं होतं, आणि हे दिसूनही मला क्षणभर तिचा रागच आला.

"नाही," मी म्हटलं. "ती माहेरी गेली असताना मी न विचारता घेतली. आणि तिनं विचारलं तेव्हा कावळ्याचं नाव सांगितलं."

कुणी हसलं नाही. सासूबाई एकदम म्हणाल्या, "अवो माय!" मुख्याध्यापक समजूतदार गृहस्थ. त्यांनी घाईनं घसा साफ केला आणि जावेला म्हणाले, "ताई, तुम्हीच पुढं या. तुम्ही कसं करता ते मुलांना सांगा."

ती आली.  मग तिनं पेटीत बोट बुडवलं, मासे बोटाभोवती जमले, आणि ती सुरू झाली. कळी कशी ओळखायची, पिल्लातली पोर कशी ओळखायची, भेसळ काढताना जीव कसा खालीवर होतो. एकही शब्द पुस्तकातला नव्हता. शेवटच्या बाकावरची पोरं, जी माझ्या तासाला वहीत क्रिकेट खेळतात, ती बाकावर गुडघे टेकून पाहत होती. एका पोरानं विचारलं, "काकू, मंग तुमाले निळा काढता येईन का?" ती म्हणाली, "येईन ना. पन मले रंगाचं नाई कळत, ते तुमच्या मॅडमले कळते. टिकल्याइचं त्याइले इचारा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. मला वाचवायला तिनं ते म्हटलं होतं, आणि माझे कान तापले होते. दुसरी कुणी असती तर तिनं मला तिथं धुतलं असतं. मी धुतलं असतं.

घरी सासूबाई चार दिवस माझ्याशी मोजकंच बोलल्या. नवरा म्हणाला, "एवढं सगळं सांगायची गरज होती का?"  सासऱ्यांनी फक्त आरशात कान पाहून घेतले.

पाचव्या दिवशी सकाळी शाळेत जायला निघाले तर उंबऱ्याशी स्टीलचं पातेलं, वर ताट झाकलेलं. आत सहा कोवळ्या माद्या, सडसडीत, चमकदार. जिन्यातून जावेचा आवाज आला, "कोऱ्या हायेत, बाई. एकाही नराची सावली नाई पडली. तुमचे ते निळे सोडा आता याइच्यात, अन पाहा."

मी पातेलं आत नेलं.  आणि मनात सगळ्यात आधी जे आलं ते असं की सहा मला दिल्या, म्हणजे चांगल्या तिनं स्वतःला ठेवल्या असणार. हे मी लपवू शकते, पण मग एवढं सगळं सांगितलं त्याला काय अर्थ राहिला?

ती अंघोळीला गेल्याची चाहूल लागली तशी मी चप्पल न घालता गच्चीवर गेले. कोवळ्या माद्यांच्या खोक्यावरची जाळी उचलली. आत आठ-दहा उरल्या होत्या. बारक्या, एकीची पाठ वाकलेली, एकीची शेपटी कुरतडलेली. पुन्हा पुन्हा पाहिलं. चांगल्या सहाच्या सहा तिनं मला दिल्या होत्या.

शाळेची वेळ होत होती. मी खोक्याच्या काठावर बसून राहिले, आणि मला तिचा पहिल्यापेक्षा जास्त हेवा वाटला.